चालू झालं म्हणजे काय झालं?

डेबियन किंवा उबुंटूवर अपडेट चालू असताना भराभर सरकणाऱ्या ओळी मधेच थांबतात आणि पडद्यावर एक प्रश्न येतो. अमुक कॉन्फिगरेशन फाइल तुम्ही बदललेली आहे, पॅकेज बनवणाऱ्यांनीही तिची नवी प्रत पाठवली आहे, आता काय करायचं? ‘वाय’ दाबलं तर त्यांची प्रत बसते, ‘एन’ दाबलं तर तुमची जुनी राहते, ‘डी’ दाबलं तर दोन्हींतला फरक ओळीवार दिसतो. काहीच न ठरवता नुसतं एंटर दाबलं तर ‘एन’ धरलं जातं.

सातपूर-अंबडमधल्या छोट्या कारखान्यांचे आणि पिंपळगाव, दिंडोरीकडच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसचे लिनक्स सर्व्हर सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे हा प्रश्न मला नेहमीचाच, आणि माझं बोटही नेहमी एकाच ठिकाणी जातं. ‘एन’. कुणी कारण विचारलं तर मी सांगेन की चालू आहे त्याला कशाला हात लावा. हे खोटं नाही, पण अर्धंच आहे. ‘डी’ दाबून फरक वाचायला वेळ लागतो, त्यातल्या बऱ्याच ओळींचा अर्थ मला लागत नाही, आणि इतकी वर्षं या धंद्यात काढून अर्थ लागत नाही हे स्वतःशी कबूल करायला नको वाटतं. शिवाय हिशेब सरळ आहे. ‘वाय’ दाबून काही बिघडलं तर मालकाचा फोन त्याच सकाळी येतो. ‘एन’ दाबल्याने जे बिघडायचं ते सावकाश बिघडतं, आणि तेव्हा ते माझ्या नावावर लागत नाही.

‘एन’ दाबलं तरी नवी प्रत फेकून दिली जात नाही. तिच्या नावाला ‘डीपीकेजी-डिस्ट’ असं शेपूट लागतं आणि ती जुन्या फाइलीच्या शेजारीच पडून राहते. रेड हॅटच्या घराण्यात तिला ‘आरपीएमन्यू’ म्हणतात. एखाद्या सर्व्हरवर ईटीसी डिरेक्टरीत शेपटाचं नाव देऊन शोध घेतला की या फाइली तारखेसकट रांगेत उभ्या राहतात. अंबडच्या एका मशीनवर मला सूडोअर्सची सापडली, एनजिनएक्सची सापडली, लॉगरोटेटची सापडली. प्रत्येकीची तारीख म्हणजे मी न घेतलेल्या एकेका निर्णयाची तारीख. सूडोअर्सची उघडून बघितली, फरक किरकोळ होता. एनजिनएक्समध्ये मात्र आमच्या जुन्या फाइलीत टीएलएसच्या कालबाह्य आवृत्त्या चालू होत्या, नव्या प्रतीत त्या काढलेल्या होत्या. म्हणजे अपडेट झालं, पॅकेजचा क्रमांक वाढला, मालकाला ‘सगळं अपडेट आहे’ असं सांगितलं, आणि दार पूर्वीइतकंच उघडं. यात कुणी मला पकडलं नसतं, आणि मला बोचतं ते हेच. या धंद्यात मला तपासणारं कुणी नाही. वेल्डिंग कच्चं असेल तर सुपरवायझरला दिसतं. माझं काम कच्चं असेल तर ते फक्त मला ठाऊक असतं, आणि मीही ‘एन’ दाबून ते ठाऊक करून घेण्याचं टाळू शकतो.

मे 2008 मध्ये डेबियनने जाहीर केलेली एक चूक मला या संदर्भात सारखी आठवते. व्हॅलग्राइंड नावाचं एक साधन आहे. प्रोग्रॅम चालताना मेमरी कशी वापरतो यावर ते नजर ठेवतं आणि काही वावगं दिसलं की तक्रार नोंदवतं. ओपनएसएसएलच्या कोडबद्दल त्याची तक्रार होती की अजून काहीच न लिहिलेली मेमरी वाचली जातेय. 2006 मध्ये डेबियनच्या पॅकेजात त्यासाठी कोडमधल्या दोन ओळी कॉमेंट करून बंद केल्या गेल्या. तक्रार थांबली. पण त्यातलीच एक ओळ रँडम आकडे तयार करणाऱ्या भागाला खुराक पुरवत होती. ती गेल्यावर बदलता राहिला तो फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या चावीसाठी जेमतेम 32 हजारांच्या आसपास शक्यता. लुसियानो बेलो यांच्या लक्षात येईपर्यंत दीड वर्षाहून जास्त काळ डेबियनवर आणि तिच्यावर उभ्या असलेल्या उबुंटूवर बनलेल्या एसएसएच चाव्या कुणालाही एकेक करून आजमावून बघता आल्या असत्या.

ही गोष्ट सांगताना लोक त्या पॅकेज सांभाळणाऱ्याची टर उडवतात. मला तसं करता येत नाही. त्याने ओळी बंद करण्याआधी ओपनएसएसएलच्या लोकांना उघडपणे विचारलं होतं, आणि डीबगिंगला मदत होणार असेल तर काढायला हरकत नाही अशा अर्थाचं उत्तरही त्याला मिळालं होतं. मी कुणाला विचारतो? सुरक्षेचा पहारा देणारं एसईलिनक्स आडवं आलं की ते परमिसिव्ह करतो, म्हणजे नुसतं नोंद घेणारं, आणि ‘नंतर बघू’ म्हणतो. फोल्डरची परवानगी जुळेना की सातशे सत्त्याहत्तर, म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं. सर्व्हिस पडली की रीस्टार्ट, पुन्हा पडली की क्रॉनच्या वेळापत्रकात रोज रात्री रीस्टार्ट. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये फाइली शेअर करणारी सांबाची सर्व्हिस अशीच रोज रात्री आपोआप मरून जिवंत होते, आणि का हे मला आजही सांगता येणार नाही. तक्रार बंद झाली की दुरुस्ती झाली, असं मी धरून चालतो.

त्याच व्हॅलग्राइंडची दुसरी गोष्ट 2024 सालची. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे इंजिनिअर. डेबियनच्या ‘अनस्टेबल’ आवृत्तीवर मोजमापं घेताना त्यांना दिसलं की एसएसएचचं लॉगिन उगाच जास्त सीपीयू खातंय आणि साधारण अर्धा सेकंद उशिरा होतंय. काही आठवड्यांपूर्वी पॅकेजं अपडेट केल्यावर व्हॅलग्राइंडने एक विचित्र तक्रार केल्याचंही त्यांना आठवलं. त्यांनी दोन्ही धागे सोडले नाहीत. शेवटी एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये मुद्दाम बसवलेलं चोरदार निघालं, आणि 29 मार्चला त्यांनी ते जगाला सांगितलं. ते बहुतेक स्थिर आवृत्त्यांमध्ये पोचण्याआधी सापडलं म्हणून आमच्या पॅकहाऊसपर्यंत आलं नाही.

अर्धा सेकंद. माझ्याकडे लॉगिन पाच सेकंद उशिरा झालं असतं तर मी ‘डीएनएस असेल’ म्हणून चहाला गेलो असतो. आणि दुसरं, एक्सझेड ही लायब्ररी लासे कॉलिन नावाचा एक माणूस वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्याने, पगाराशिवाय सांभाळत होता. त्याच्या थकव्याचाच फायदा घेऊन एकाने मदतनीस म्हणून आत शिरकाव केला. या लायब्ररीचा वापर माझ्या प्रत्येक सर्व्हरवर होतो आणि त्या सर्व्हरचे मी पैसे घेतो. आजवर मी एकाही प्रकल्पाला नीट लिहिलेला बग रिपोर्ट पाठवलेला नाही. वेळ नव्हता म्हणावं तर वेळ होता. आपलं इंग्रजी तोकडं, आपला प्रश्न बावळट ठरेल, या भीतीला मी व्यस्तता असं नाव दिलं होतं.

आता पॅकहाऊसमधली हकीकत. ती मला सगळ्यात जास्त टोचते.

उबुंटू 18.04 वरचा एक सर्व्हर मी 20.04 वर नेला. अपग्रेड निर्वेध पार पडलं. सगळ्या सर्व्हिस हिरव्या, डेटाबेस चालू, बिलं निघतायत. थोड्या दिवसांनी तिथली डेटा एंट्रीची मुलगी म्हणाली, “सर, शेतकऱ्याचा प्लॉट यादीत दिसतो, पण गट नंबर टाकून शोधलं की येतच नाही.” सापडला नाही की ती नवी नोंद करायची. तसा गट नंबर दुसऱ्यांदा घ्यायलाच नको होता, पण डेटाबेस घेत होता. मालकांना सगळे नाना म्हणतात. त्यांच्या लक्षात आलं ते एवढंच की एकेक प्लॉट दोनदा चढलाय. ते माझ्यासमोर म्हणाले, “पोरगी नवीन आहे, तंद्रीत असते.” ती खाली मान घालून उभी होती. मी म्हणालो, “बघतो.”

बघायला मी काही दिवस घेतले. कारण शोधायला फारसं अवघड नव्हतं. ‘1-1’ आणि ‘11’ अशा दोन ओळी लिहून सॉर्ट कमांड दिली. जुन्या मशीनवर ‘11’ आधी आलं, नव्यावर ‘1-1’ आधी. लिनक्सच्या मुळाशी असलेल्या जीलिबसी या लायब्ररीने ऑगस्ट 2018 च्या 2.28 या आवृत्तीत अक्षरांचा आणि चिन्हांचा क्रम नव्या आंतरराष्ट्रीय मानकाला धरून बदलला. 18.04 वर 2.27 होती, 20.04 वर 2.31. पोस्टग्रेसचे मजकुरावरचे इंडेक्स त्या क्रमाच्या भरवशावर असतात. शब्दकोश जुन्या क्रमाने छापलेला आणि शोधणारा मात्र नव्या क्रमाने पानं उलटतोय, अशी अवस्था. आमच्याकडे गट नंबरात कुणी आडवी रेघ घालतं, कुणी तिरकी, कुणी पुढे ‘अ’ लावतं. नेमकी तीच नावं हरवत होती. डेटाबेस हूं की चूं न करता चालत राहिला होता, कारण त्याच्या त्या आवृत्तीत या बदलाची खबर देण्याची सोयच नव्हती. दुहेरी नोंदी काढून इंडेक्स पुन्हा बांधले की काम झालं.

त्या मुलीने पहिल्याच दिवशी लक्षण अचूक सांगितलं होतं. ‘यादीत दिसतं, शोधलं की येत नाही’ यापेक्षा चांगला बग रिपोर्ट मी लिहू शकलो नसतो. तिच्या म्हणण्याला किंमत मिळाली नाही, कारण ती सर्वांत खालच्या खुर्चीवर होती आणि माझ्या ‘बघतो’ने तिच्यावरचा ठपका तसाच राहू दिला. ‘युजर एरर’ हे शब्द आम्ही किती सहज वापरतो. ते म्हटलं की कुणाला तरी ओरडा बसतो, आणि तो कधी मालकाला बसत नाही, मला तर नाहीच.

बरं, कारण कळल्यावर मी नानांना काय सांगितलं? “नाना, तिची चूक नाही. अपडेटमुळे झालं होतं.” पहिलं वाक्य सरळ होतं, दुसऱ्यात मी लपलो होतो. अपडेटने जे करायला हवं तेच केलं. असा क्रम बदलला की इंडेक्स पुन्हा बांधा, हे पोस्टग्रेसच्या लोकांनी केव्हाच उघडपणे लिहून ठेवलेलं होतं. अपग्रेडच्या आधी ते वाचणं माझं काम होतं. ‘अपडेटमुळे झालं’ या वाक्यात कर्ता असा कुणी नाही, म्हणूनच ते मला इतकं आवडतं.

या वाक्याची किंमत पुढे वसूल झाली. नानांनी त्यातून धडा घेतला की अपडेट म्हणजे लफडं. त्यांचा दुसरा, थोडा जुना सर्व्हर सेंटओएस 7 वर आहे. रेड हॅटने डिसेंबर 2020 मध्ये सेंटओएसची वाट बदलली, आणि 7 ची मुदत 30 जून 2024 ला संपली. आधीपासून मी त्यांच्या मागे लागलो होतो. जानेवारीत म्हणाले, सीझन चालू आहे, माल चाललाय, आत्ता नको. एप्रिलमध्ये म्हणाले, खरड छाटणी आटपू दे. पावसाळ्यात माणसं गावाकडे. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी आली. खरं म्हणजे छाटणी एक आठवडा पुढे ढकलायला सांगितलं तर नाना मला बांधावरून हाकलून देतील. ज्या कामाचं कारण त्यांना कळतं ते त्यांनी कधी टाळलेलं नाही. माझ्या कामाचं कारण मी त्यांना कधी नीट समजावलं नाही, फक्त भीती घातली किंवा लपलो. तेव्हा नाना हट्टी आहेत, असं जे मी चारचौघांत सांगत फिरतो, ते बंद केलं पाहिजे.

मुदत संपल्यावर त्या मशीनवर अपडेट आणणारं यम चालेना, सर्व्हरचा पत्ताच सापडत नाही म्हणे. मी ते जुन्या संग्रहाच्या पत्त्यावर वळवलं. ते चालू झालं आणि दर वेळी शांतपणे सांगू लागलं की अपडेट करण्याजोगं काहीही नाही. खरंच होतं, संग्रहात नवं काही येतच नाही. हा निरोप नानांच्या कॉम्प्युटरवाल्या पुतण्याने बघितला आणि समाधानाने मान हलवली. मी तिथेच उभा होतो. खरं काय ते त्याला मी त्याच वेळी सांगितलं, एवढं माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. पण सांगताना आवाज किती खाली होता हेही आठवतं.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 ला काढलेले निर्देश आमच्या धंद्यात थोड्यांनीच वाचलेत. सायबर घटना कळल्यापासून 6 तासांत कळवायची, लॉग 180 दिवस ठेवायचे, घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची. छोट्या उद्योगांना त्यासाठी 25 सप्टेंबर 2022 पर्यंत मुदत वाढवून मिळाली होती. लॉगरोटेट मूळ मांडणीत आठवड्याला एक अशा चार फाइली ठेवतं आणि त्याआधीची फेकतं. मी बहुतेक ठिकाणी ही मांडणी बदलली नव्हती. निर्देश माहीत नव्हते असं म्हणता येणार नाही. लॉग म्हणजे माझ्याही कामाची साक्ष असते. कोणत्या रात्री मी काय बदललं, किती वाजता रीस्टार्ट मारलं, त्याआधी किती दिवस इशारे येत होते आणि मी ते बघितले नव्हते, सगळं त्यात असतं. चार आठवड्यांत ते आपोआप पुसलं जात होतं आणि त्याबद्दल मला कधी हळहळ वाटली नाही, हे जरा विचार करण्यासारखं आहे. आता सगळीकडे 180 दिवस केलेत, डिस्क कमी पडेल म्हणून कुरकुर करणाऱ्यांसाठी डिस्क वाढवून घेतल्यात. घड्याळं एनआयसीच्या ‘समय’ सर्व्हरशी जुळवलीत. हे काम अर्ध्या दुपारचं होतं.

यंदा वार्षिक देखभालीच्या करारात मी दोन कलमं घातली. एक, अपडेटच्या वेळी ज्या कॉन्फिगरेशन फाइली जुन्याच ठेवल्या त्यांची यादी, का ठेवल्या यासह, मालकाला दिली जाईल. दोन, एखादा बिघाड दूर झाला पण कारण कळलं नाही, तर तसं लेखी कळवलं जाईल. पहिल्यावर कुणी काही बोललं नाही, कारण ते बहुधा कुणी वाचलंच नाही. दुसऱ्यावर सातपूरचे शेठ अडले. तेच, ज्यांची सांबा रोज रात्री मरते.

“म्हणजे आत्तापर्यंत कारण न कळता दुरुस्त करत होतात?”

“काही वेळा.”

“आणि बिल?”

बिल पूर्ण लावत होतो. त्यांनी पेनाने ते कलम खोडलं. म्हणाले, असलं कागदावर बरं दिसत नाही, उद्या ऑडिटवाल्याने वाचलं तर मलाच विचारेल की हा माणूस ठेवलाच कशाला. आम्ही दोघं थोडा वेळ त्यावर वाद घालत बसलो. ते म्हणाले, मला मशीन चालू पाहिजे, कारण घेऊन मी काय करू. मी म्हणालो, कारण माहीत नसेल तर ते चालू राहीलच याची खात्री मी देत नाही. ते म्हणाले, मग खात्री देणारा दुसरा बघतो. अजून बघितलेला नाही. करार सहीविना माझ्या टेबलावर पडून आहे, आणि या शनिवारी रात्री त्यांची शिफ्ट संपल्यावर क्रॉनमधली ती रीस्टार्टची ओळ काढून, लॉगची पातळी वाढवून, सांबा का मरते ते बघायला मी जाणार आहे. त्याचे पैसे लावायचे की नाही ते ठरलेलं नाही.